पाना पोरांच्या हातात द्या, बॅटरी आपण धरा

आमच्या अप्पांकडे प्रीमियर पद्मिनी होती आणि दर रविवारी सकाळी तिचं बॉनेट उघडं असायचं. सीबी पॉइंट (प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारा स्विच) घासणं, कार्बोरेटरचा जेट काढून फुंकणं, फॅन बेल्ट दाबून बघणं, सगळं ते घरीच करायचे आणि मी शेजारी बॅटरी, म्हणजे टॉर्च, धरून उभी. "इकडं धर, अगं माझ्या हातावर नको, नटावर मार उजेड." सात-आठ वर्षं मी उजेड मारला. पुढे नोकरी लागल्यावर एकदा रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाटात पुढचा टायर पंक्चर झाला. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता, पण नट सुटेना, कारण मी गाडी आधी जॅकवर चढवली होती आणि पाना फिरवला की अख्खं चाकच फिरायचं. शेवटी एका ट्रकवाल्या दादांनी थांबून गाडी खाली घ्यायला लावली, पान्यावर पाय देऊन नट ढिले केले आणि दहा-पंधरा मिनिटांत चाक बदलून दिलं. इतकी वर्षं डोळ्यांनी बघितलेलं काम, पण हाताने एकदाही केलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की गाडीचं काम बघून येत नाही, ते हातात यावं लागतं. भावाच्या पोरांना, म्हणजे माझ्या भाचीला आणि भाच्याला शिकवायला घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवलं की बॅटरी मी धरणार. आज भाची सतराची आहे, भाचा तेराचा. चार वर्षं झाली, जमेल त्या रविवारी आम्ही बसतो, आणि जे जमलं, जे चुकलं ते सगळं इथे लिहितेय, कुणाच्या घरी पोरं असतील तर उपयोगी पडेल.

कुठल्या गाडीवर शिकवायचं

मिळत असेल तर जुनी मारुती ८००. आमच्याकडे तीच आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बॉनेट उघडलं की प्रत्येक गोष्ट दिसते आणि हात घालायला जागा आहे. १९८३ ला सुरू झालेली ही गाडी २०१४ च्या जानेवारीत बनायची बंद झाली, पण गावोगाव अजून आहेत आणि स्पेअरही बऱ्यापैकी मिळतात. नसेल तर काही अडत नाही, घरात जी गाडी आहे तीच घ्या. नवीन गाडीत वरती मोठं प्लॅस्टिकचं कव्हर असतं, ते बघून आपणच आधी घाबरतो, पण टायर, वायपर, फ्यूज, एअर फिल्टर, बॅटरी, ऑइलची डिपस्टिक ह्या गोष्टी तिथेही आहेत आणि शिकायची सुरुवात तिथूनच होते. गाडी वॉरंटीत असेल तर फक्त तपासण्याची कामं करा, उघडू नका काही.

अजून एक. गाडी चालवायला लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं, पण पाना धरायला तसलं वय लागत नाही. आठ-नऊ वर्षांचं पोरगं टायरमधली हवा मोजू शकतं, वायपरच्या टाकीत पाणी भरू शकतं, डॅशबोर्डवरचे लाल आणि पिवळे दिवे ओळखू शकतं. बारा-तेराला स्टेपनी, फ्यूज, फिल्टर. पंधराच्या पुढे प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारा), गाडीची बॅटरी, ऑइल बदलणं. हे काही शास्त्रात लिहिलेलं नाही, पोराची ताकद आणि धीर बघून आपणच ठरवायचं. आणि मुलगा-मुलगी असा फरक तर अजिबात करू नका. आमच्याकडे भाचीचा हात भाच्यापेक्षा शांत आहे, नाजूक काम तिच्याचकडे जातं.

आधी हे नियम, मग पाना

हे नियम मी सांगत नाही, त्यांच्याकडून म्हणवून घेते, आणि प्रत्येक नियमाचं कारणही त्यांनीच सांगायचं. कारण माहीत नसलेला नियम पोरं दुसऱ्या दिवशी विसरतात.

किल्ली माझ्या खिशात. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, आणि जे चाक उचलणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला वीट. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात, पाय, डोकं काही जाणार नाही, कधीच नाही. खाली जायचंच असेल तर जॅक स्टँड (गाडी टेकवून ठेवायचे मजबूत पाय) पाहिजेत आणि तेही मोठ्या माणसाने लावलेले. अंगठी, बांगड्या, धातूचं घड्याळ काढून ठेवायचं, ओढणी नाही, केस बांधलेले. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरच्या फॅनपासून हात लांब, कारण तो इलेक्ट्रिक असतो आणि इंजिन गरम असेल तर आपोआप सुरू होऊ शकतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी तोंडावर येतं. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही. आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) सांडलं तर लगेच पुसायचं, ते चवीला गोडसर असतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात.

बॅटरी काढताना मायनस आधी आणि लावताना मायनस शेवटी. ह्याचं कारण भाच्याला तीन रविवार सापडलं नाही, मग मी चित्र काढून दाखवलं. गाडीची अख्खी बॉडी मायनसला जोडलेली असते, त्यामुळे प्लसचा नट खोलताना पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट, ठिणगी, पाना लालबुंद. मायनस आधीच सुटलेला असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. एकदा हे डोक्यात बसल्यावर तो आता शेजाऱ्यांनाही समजावतो.

हत्यारं फार लागत नाहीत. एक रिंग पान्यांचा सेट, एक डबल एंड पान्यांचा, छोटा गोटी (सॉकेट) सेट, प्लग पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हवेचं गेज आणि व्होल्ट मोजायला साधा मल्टिमीटर. मारुतीची बहुतेक कामं १०, १२ आणि १४ नंबरवर भागतात. पोरांना पहिल्यांदा शिकवायचं ते हे की रिंग पाना बसत असेल तिथे डबल एंड लावायचा नाही, रिंग नटाला चहूबाजूंनी धरते आणि डबल एंड फक्त दोन बाजूंनी, म्हणून जाम नट त्याने गोल होतो आणि मग दुपार त्यातच जाते.

पहिलं काम स्टेपनीचं

घरासमोर, सपाट जागी, दिवसाउजेडी. पोराच्या हातात पाना द्या आणि तुम्ही दोन पावलं मागं जा.

आधी स्टेपनीतली हवा बघायला लावा, कारण बहुतेक घरांत स्टेपनी वर्षानुवर्षं डिकीत पडून असते आणि लागेल तेव्हा तीच बसलेली निघते. हवा किती पाहिजे ते ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते पोरालाच शोधू द्या. मग चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा-अर्धा फेरा ढिले करायचे. पोराची ताकद कमी पडते, तेव्हा पाना डावीकडे आडवा करून त्यावर पाय देऊन वजन टाकायला शिकवा, उड्या मात्र मारायच्या नाहीत. मग जॅक. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला खाच असते, जॅक तिथेच लागतो, दुसरीकडे लावला तर पत्रा चेपतो नाहीतर गाडी घसरते. चाक जमिनीपासून दोन बोटं सुटलं की बस.

इथे एक सवय लावा. काढायचं चाक काढण्याआधी स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवायची, आणि चाक काढलं की दोघांची अदलाबदल. जॅक सटकलाच तर गाडी चाकावर बसते, माणसाच्या पायावर नाही.

नवीन चाक बसवताना नट हाताने, निमुळती बाजू चाकाकडे. हाताला लागतील तेवढे लावून मग पान्याने समोरासमोरचे, म्हणजे एक लावला की त्याच्या बरोबर पलीकडचा, रांगेने नाही. रांगेने आवळलं तर चाक एका बाजूला ओढलं जाऊन तिरकं बसतं. गाडी खाली घ्यायची आणि शेवटचं घट्ट आवळणं जमिनीवर. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर परत एकदा पाना लावून बघायचा.

भाचीला पहिल्यांदा पाऊण तास लागला. मी घड्याळ बघत होते पण बोलले नाही. ही न बोलण्याची जी गोष्ट आहे ना, ती सगळ्यात अवघड आहे. पोराचा हात चुकीकडे जातो आणि आपला हात आपोआप पुढे येतो, "थांब, दे इकडं, मी करतो", आणि तिथेच त्याचं शिकणं थांबतं. मी स्वतःसाठी एक नियम केलाय, इजा होणार असेल किंवा मोठं नुकसान होणार असेल तरच अडवायचं. नट उलट्या बाजूने लावला, लावू दे, बसणार नाही तेव्हा कळेल. क्लिप तुटली, तुटू दे, दहा-वीस रुपयांची येते.

आटे

आता जे सांगते ते कुठल्या व्हिडिओतून येत नाही, म्हणून जरा सविस्तर. बोल्टाचे आटे, म्हणजे त्याच्यावरच्या फिरत जाणाऱ्या खाचा, नीट लागले की नाही हे बोटांना कळलं पाहिजे. हे ज्याला कळलं त्याला अर्धं मेकॅनिकचं काम आलं असं मी समजते.

सुरुवात गाडीवर करायचीच नाही. जुन्या नटबोल्टचा एक डबा घ्या, वेगवेगळ्या मापाचे, त्यात काही जवळजवळ सारखे दिसणारे पण आटे बारीक-जाड असलेले. पोराला डोळे मिटून जोड्या लावायला सांगा. नट बोल्टावर ठेवायचा आणि आधी उलटा फिरवायचा, सुटण्याच्या दिशेने, अगदी सावकाश. एका जागी बारीक 'टक' होतं आणि नट केसभर खाली बसतो. तो क्षण ओळखायचा. तिथून सुलटा फिरवला की नट लोण्यासारखा जातो. जात नसेल, पहिल्या फेऱ्यालाच जोर लागत असेल, तर थांबायचं आणि परत काढायचा. जोर लावायचा तो शेवटी, सुरुवातीला नाही. भाच्याने पंधरा दिवस हा डबा टीव्ही बघता बघता फिरवला आणि मग एका रविवारी म्हणाला, "आत्या, आता मला बघायला लागत नाही, हाताला ऐकू येतं." एवढं छान मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग मारुतीचे प्लग. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, शक्यतो सकाळी सकाळी. एका वेळी एकच प्लग काढायचा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. वायर ओढताना टोकाचा रबरी बूट धरून ओढायचा, वायर धरून नाही. प्लगच्या भोवतीची धूळ आधी फुंकून किंवा ब्रशने काढायची, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्लग निघाला की घाईने पुसू नका, आधी त्याचा रंग वाचायला शिकवा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर इंजिन ठीक जळतंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल आत येतंय, ते मिस्त्रींना दाखवायचं. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय नाहीतर प्लग प्रमाणाबाहेर तापतोय. तिन्ही प्लगचे रंग कागदावर ओळीने लिहून ठेवा आणि पोरांना विचारा, वेगळा कोणता दिसतोय? तीन सारखे असतील तर एक गोष्ट, एकच वेगळा असेल तर दुसरीच गोष्ट. फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) प्लगच्या टोकांमधला गॅप मोजायचा, मॅन्युअलमध्ये दिलेला.

परत बसवताना पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा घ्या आणि प्लगच्या वरच्या टोकावर खोचा. आता तो पाइप चिमटीत धरून प्लग फिरवायचा, आधी उलटा, टक, मग सुलटा. आटे नीट लागले तर प्लग फिरत फिरत खाली जातो. चुकीचे लागले तर रबर प्लगवरच घसरायला लागतो आणि हाताला लगेच कळतं. पाना लावला असता तर प्लग जबरदस्तीने आत गेला असता. प्लग पोलादाचा, इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मग नुकसान कुणाचं होणार ते पोरांनाच सांगू द्या. हाताने पूर्ण बसल्यावर पाना, नवा प्लग असेल तर साधारण अर्धा फेरा, जुनाच परत लावत असाल तर त्याहून कमी. ह्या वेळी मी भाचीच्या मनगटावर नुसतं बोट टेकवलेलं असतं, किती ताण आला ते मला कळावं म्हणून.

उघडण्याआधी विचार

चार वर्षांपूर्वी गाडी सकाळी स्टार्ट होईना, नुसती टकटक. एका गॅरेजवाल्याने येऊन बघितल्यासारखं केलं आणि बॅटरी गेली, नवीन टाका म्हणाला, आणि मी टाकली. जुनी काढताना बघते तर टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली, करंट जाणार कुठून? पैसे तर गेले पण तेव्हापासून आमच्याकडे निदान आधी, पाना नंतर. पोरांना मल्टिमीटर धरायला शिकवलाय. रात्रभर उभी असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ ला निम्मी उतरलेली समजायची, आणि इंजिन चालू केल्यावर साडेतेरा-पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान आलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) चार्ज करतोय. हे तीन आकडे पाठ असले की बॅटरी, अल्टरनेटर आणि टर्मिनल यांतलं कोण गुन्हेगार ते बऱ्याचदा घरीच कळतं. टर्मिनलची बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने निघते, मग कोरडं पुसून व्हॅसलिनचा पातळ हात. करताना चष्मा आणि हातमोजे, ती अ‍ॅसिडचीच पूड असते.

काहीही बिघडलं की मी तीनच प्रश्न विचारते. कधी होतं, थंड असताना का गरम असताना? कशाबरोबर होतं, ब्रेक दाबल्यावर, वळताना, चढावर? शेवटचं काम कशाला हात लावून झालं होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार वेळा कामाला येतं. त्यासाठी एक दोनशे पानी वही ठेवलीय, तारीख, किलोमीटर, काय केलं, कुणी केलं. पोरांच्या अक्षरात. फ्यूज बदलला तरी लिहायचा. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर, हे रंग भाच्याने वहीच्या पहिल्या पानावर रंगवून ठेवलेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार लावायची नाही, आग तिथूनच लागते.

नवीन गाड्यांचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. भावाची गाडी बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची आहे, त्यात कार्बोरेटर नाही, स्क्रू फिरवायला काही नाही. पण स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचायचं) आहे आणि त्यात लागणारं ब्लूटूथ डोंगल काही शे रुपयांत मिळतं, मोबाइलवर कोड येतो. गेल्या वर्षी गाडी झटके द्यायला लागली, चेक इंजिनचा दिवा लागला, कोड आला पी०३०१, म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग मारतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. आता हा कोड म्हणजे निदान नाही, नुसता पत्ता आहे. तिथे प्लग खराब असेल, कॉइल (प्लगला करंट देणारी) असेल, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) असेल. भाचीने काय केलं, इंजिन थंड झाल्यावर पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावली, कोड पुसला आणि माझ्या भावाला गाडी फिरवून आणायला लावली. कोड पी०३०२ होऊन आला. म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइलच खराब. फक्त कॉइल आणून टाकली. अप्पा कार्बोरेटरच्या गाडीवर हेच करायचे, एका प्लगची वायर काढून फरक पडतो का बघायचे. हत्यार बदललं, डोकं लावायची पद्धत तीच राहिली.

काही ठिकाणी मात्र आपण हात घालत नाही आणि पोरांनाही तसं स्वच्छ सांगितलंय. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल हाय व्होल्टेजच्या. सीएनजीची लाइन. आणि ब्रेक. ब्रेक पॅड किती उरलेत ते बघायला, फ्लुइडची पातळी वाचायला शिकवा, पण उघडायचं काम मिस्त्रींकडे.

मिस्त्रींवरून आठवलं, पोरांना गॅरेजमध्ये घेऊन जा. आमचे मिस्त्री दुपारी जरा निवांत असतात, त्या वेळी चहा-भजी घेऊन जायचं, बाजूला उभं राहायचं आणि विचारू का म्हणून विचारायचं. बहुतेक मिस्त्री आनंदाने दाखवतात, त्यांचा हात चाळीस वर्षांचा असतो आणि कुणीतरी तो नीट बघतंय ह्याचं त्यांना बरं वाटतं. क्लच प्लेट घासलेली आणि नवी शेजारी शेजारी हातात धरून बघायला आम्हाला तिथेच मिळाली.

ऑइल बदलाल तेव्हा जुनं ऑइल गटारात किंवा झाडाखाली ओतू देऊ नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला नेऊन द्या, तिथे ते गोळा करणारे येतात. नवीन ओतताना एकदम सगळं नाही, थोडं ओतायचं, पाच मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पुसून बघायची, दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या वर कधीच नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन, पुसून, मोजून पाटावर मांडतात, पूजेआधीची ती सगळी साफसफाई पोरंच करतात आणि गेल्या वर्षी १० नंबरचा पाना सापडेना तर संध्याकाळपर्यंत शोधून सीटच्या रुळाखालून काढला.

आता मे संपत आला की मृगाच्या आधीचा एक रविवार धरून ठेवा. वायपरची रबरं बदलायची, टायरच्या खाचा बघायच्या, खाचेत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की १.६ मिलिमीटर उरलं, टायर बदलायचा. काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढायचा, नाहीतर पाणी आत केबिनमध्ये उतरतं. एसीचा केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागून निघतो, ह्याला बहुतेक गाड्यांत पानाही लागत नाही, म्हणून घरातल्या सगळ्यात धाकट्याला हे काम द्या.